वाजवणारा हात आणि मिडीचा हुकूम

आपल्याकडे वाद्यांचा इतिहास लिहिला जातो तो घराण्यांचा. कोणत्या उस्तादाने कोणाला गंडा बांधला, कोणत्या संस्थानात कोण आश्रयाला होते, कोणी कोणता बाज निर्माण केला, याने पानेच्या पाने भरतात. त्या पानांत कातडे कोणी सोलले, कोणी कमावले, कोणी ताणले आणि मांडवाबाहेर उभे राहून रात्रभर ते कोणी बडवले, याला जागा नसते. या लेखाचा विषय ती रिकामी जागा आहे. पण तो लिहिताना मला कीबोर्ड, संगणक आणि मिडी नावाची एक यंत्रभाषा यांविषयी लिहावे लागणार आहे. वाचकांना याचे नवल वाटेल. मलाही वाटले होते.

मी नवापूरला महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. धुळे तालुक्यातल्या एका गावच्या मांगवाड्यात माझे आजोबा डफ वाजवीत. दक्षिणेकडे त्यालाच हलगी म्हणतात. एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक छडी, आणि वाजवण्यापूर्वी कातडे जाळावर धरून तापवायचे. लग्न, जत्रा, पोळा, मयत, सगळ्याला डफ लागे. तो लागे, पण वाजवणारा शिवायचा नसे. मांडवाच्या सावलीत डफाचा आवाज जाई, माणूस जात नसे. जेवण शेवटच्या पंगतीनंतर, लांब बसवून, आणलेल्या भांड्यात. गावात त्यांना पूर्ण नावाने कोणी हाक मारली नाही. नावाच्या शेवटी 'या' लावून बोलावणे हीच रीत. वडील धुळ्याला हमालीला गेले, बाबासाहेबांचे विचार त्यांच्या कानावर पडले, आणि परत येऊन त्यांनी पहिले काम काय केले तर भिंतीवरचा डफ उतरवून चुलीत घातला. आमच्या घरात वाद्य या शब्दाचा उच्चार होत नसे. मी शाळेच्या बाकावर बोटांनी ताल धरला म्हणून मार खाल्लेला आहे.

वडिलांचे हे वागणे एकट्याचे नव्हते. १९२७च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, गावकीची हलकी कामे सोडा असे सांगितले. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. गावकीचे जू झुगारण्याच्या या लाटेत मेलेले ढोर ओढणे सुटले तसे गावोगाव वाजवणेही सुटले. मागे राहिले ते बरेचसे आमच्या समाजाचे लोक, कारण पोटाला दुसरे काही नव्हते. आमच्या पोरांना शहाण्या लोकांनी पुढे विचारले, 'तुम्ही तुमची कला का सोडलीत?' ज्याला कला सोडावी लागली त्याला हा प्रश्न विचारणारा माणूस त्या पंगतीत आधी बसलेल्यांपैकीच असतो.

नवापूरला आल्यावर मला वेगळेच दिसले. इथल्या मावची, कोकणा, भिल्ल पाड्यांवर ढोल कोणा एका जातीच्या गळ्यात अडकवलेला नाही. होळीला ज्याच्या हाती आला तो वाजवतो, आणि स्वतःच्याच नाचासाठी वाजवतो. वाजवणारा आणि नाचणारा यांच्यात मांडवाची दोरी नाही. हे पाहून मी पहिल्या वर्षी रात्रभर जागा राहिलो होतो. आदिवासींचे आयुष्य सुखाचे आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. सावकार, कंत्राटदार आणि वनखाते त्यांच्याही मानेवर बसलेलेच होते. पण कातडे विटाळाचे असते हे इथे कोणी कोणाला शिकवले नव्हते, एवढे खरे.

लग्नसराईत मात्र आज पाड्यावर ढोल कमी आणि बँड जास्त. गाडीवर भोंगे, दोन-दोन कीबोर्ड, बाजूला ऑक्टापॅड. खाली बायामाणसे हातात हात गुंफून रांगेने पहाटेपर्यंत नाचतात. या संगीताला इकडे रोडाली म्हणतात. नवापूरच्या रेल्वे स्टेशनावरचे एक बाक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, रोडालीचेही तसेच. ती सोनगड, उच्छल, व्यारा, डांगपर्यंत वाजते आणि हद्द कोणाची म्हणून विचारत नाही. ऑक्टापॅड म्हणजे आठ रबरी चौकोनांची पाटी. रोलंड या जपानी कंपनीने ती १९८५ साली आणली. तिच्यावर काठी पडली की कातडे थरथरत नाही. एक आकडा तारेतून पुढे जातो, आणि त्या आकड्याच्या हुकमावरून दुसरीकडे साठवलेला आवाज वाजतो.

हे मला समजावले ते माझ्या एका विद्यार्थ्याने. मावची मुलगा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. कुडाच्या भिंतीच्या खोलीत जुना संगणक, एक छोटा कीबोर्ड आणि चिकटपट्टी लावलेला हेडफोन एवढ्या भांडवलावर तो बँडवाल्यांसाठी तालाचे ट्रॅक तयार करतो. मंडळी पेनड्राइव्ह घेऊन त्याच्या दारात येतात. एकदा मी गेलो तेव्हा पडद्यावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी होती आणि तिच्यात तो चौकोनी ठिपके पेरीत होता. एका ठिपक्यावर त्याने बोट दाबले आणि डफ वाजला. अगदी आजोबांचा वाटावा असा. आवाज विरता विरता अगदी शेवटी कोणीतरी माणूस खोकला.

"सर, तो खोकला कापायचा राहिला," मुलगा म्हणाला.

"हा कोण खोकतो आहे?"

त्याला माहीत नव्हते. फाइलचे नाव होते 'हलगी ३'. एका मित्राकडून आली, मित्राला कुठून तरी मिळाली. त्या मुलाचा यात काही दोष नाही. पण मला त्या रात्री झोप आली नाही, आणि तेव्हापासून मी या यंत्रभाषेचा इतिहास गोळा करतो आहे.

१९८०च्या सुमारास अमेरिकेत आणि जपानात विजेची वाद्ये भराभर निघत होती, पण एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू शकत नव्हते. रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि कॅलिफोर्नियातले डेव्ह स्मिथ यांनी पुढाकार घेऊन एक समान भाषा ठरवली. जानेवारी १९८३मध्ये अनाहाइमच्या वाद्यप्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका तारेने जोडून दाखवले गेले. एकावर वाजवले की दुसरा वाजे. हीच मिडी. विशेष म्हणजे तिच्या वापरावर त्यांनी कोणाकडून पैसे घ्यायचे नाहीत असे ठरवले. पाणवठा खुला ठेवला म्हणा. आपल्याला मात्र अनुभवाने ठाऊक आहे की पाणवठा खुला असणे आणि घरात भांडे असणे यांत बरेच अंतर असते. आमच्या मुलांच्या हाती संगणक यायला पुढची पंचवीस वर्षे जावी लागली, आणि तोही बहुधा चोरून उतरवलेल्या प्रोग्रॅमसकट.

मिडीची खरी गंमत अशी की तिच्यात आवाज नसतोच. एका ठोक्याचा निरोप फक्त तीन बाइटांचा: कोणत्या वाहिनीवर, कोणती कळ, किती जोराने. वाहिन्या सोळा, कळा ० ते १२७, जोरही ० ते १२७. हा निरोप पोचायला साधारण एक हजारांश सेकंद लागतो. मिनिटभराचे ध्वनिमुद्रण चांगल्या दर्जाने साठवले तर दहा मेगाबाइट जागा खाते. पाच मिनिटांचा मिडी ताल मात्र थोड्याशा किलोबाइटांत मावतो, कारण तो नुसता हुकूमनामा असतो. केव्हा वाजव, काय वाजव, किती जोराने वाजव.

हे ऐकल्यावर माझ्या मनात जे आले ते तांत्रिक नव्हते. आमच्या आजोबांनाही गावाने याखेरीज काय सांगितले होते? केव्हा, काय, किती जोराने. कोण वाजवतो याची नोंद गावाच्या दप्तरातही नव्हती आणि मिडीच्या तीन बाइटांतही नाही. अर्थात ही तुलना मी फार ताणणार नाही. यंत्र कोणाला उपाशी ठेवत नाही. ते माझ्या वडिलांचेही मत आहे, त्याकडे मी नंतर येतो.

१९९१ साली या भाषेला एक यादी जोडली गेली. कोणत्याही कंपनीचे वाद्य असो, अमुक आकड्यावर अमुक आवाज असावा असे ठरले. तालवाद्यांसाठी दहावी वाहिनी राखून ठेवली. तिच्यात ३५पासून ८१पर्यंत सत्तेचाळीस कळांवर सत्तेचाळीस आवाज बसवले. ३६ म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ म्हणजे मिटलेली हायहॅट. घरी ट्रॅक करणाऱ्या मुलांना हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. त्या यादीत बोंगो आहे, कोंगा आहे, अगोगो आहे, क्विका आहे. ही वाद्ये आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी क्यूबात आणि ब्राझीलमध्ये जिवंत ठेवली, आणि त्यांच्या वंशजांनी ती जगाच्या यादीत नेऊन बसवली. भारताचे एकही चर्मवाद्य त्या सत्तेचाळिसांत नाही. डफ नाही, ढोलकी नाही, ढोल नाही, पराई नाही.

सुरांच्या वाद्यांसाठी दुसरी यादी आहे, एकशे अठ्ठावीस नावांची. तिच्यात भारत आहे: १०५वर सतार आणि ११२वर सनई. ११७वर जपानचा ताइको ढोलही आहे. यादी करणाऱ्यांना आपली जातिव्यवस्था ठाऊक होती असे मी म्हणत नाही. त्यांनी जे ऐकले ते लिहिले. प्रश्न असा की आपल्या देशाने जगाला काय ऐकवले? १९६७ साली माँटेरेच्या महोत्सवात रविशंकर सतार घेऊन बसले, ते जगाने पाहिले. शेजारी अल्लारखाँ होते, तरी तबला यादीत आला नाही, हेही नमूद केले पाहिजे. म्हणजे सगळा दोष एकाच खुंटीला टांगता येत नाही. आणि सनई तर आमच्या मांगवाड्यातही वाजत होती. पण ती मंदिराच्या नगारखान्यातून आणि दरबारातून मैफलीत चढली म्हणून जगाच्या कानावर गेली. डफाला चढायला पायरीच नव्हती. पुढे यामाहासारख्या कंपन्यांनी भारतीय बाजारासाठी वेगळे कीबोर्ड काढले आणि त्यांत तबला, ढोलक आले. गिऱ्हाईक दिसल्यावर दुकान उघडते, त्यात नवल ते काय?

याउलट अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांत काय घडले ते पाहण्यासारखे आहे. रोलंडने १९८० साली 'टीआर-८०८' नावाचे तालयंत्र काढले. त्याचा ड्रम खऱ्या ड्रमसारखा वाजत नाही म्हणून तज्ज्ञांनी नाक मुरडले, आणि १९८३ साली कंपनीने ते बंद केले. मग जुन्या बाजारात स्वस्तात विकले जाणारे हे यंत्र गरीब काळ्या पोरांच्या हाती लागले. १९८२ साली ब्राँक्सच्या आफ्रिका बंबाटाने 'प्लॅनेट रॉक' याच यंत्रावर केले होते. हिप-हॉपचा पुढचा सगळा डोलारा त्या टाकलेल्या यंत्राच्या ठोक्यावर उभा राहिला. १९७२ साली आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले, कविता घेतली, रस्ता घेतला. यंत्र मात्र आपल्यापर्यंत पोचले नाही. ते मुंबईत होते. त्याच १९८२ साली हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातल्या चरणजित सिंग यांनी ८०८च्या ठोक्यावर दहा राग वाजवून एक तबकडी काढली. तिच्याकडे तेव्हा कोणी ढुंकून पाहिले नाही. वीस-पंचवीस वर्षांनी युरोपातल्या हौशी लोकांनी ती शोधून काढली, तेव्हा आपल्याकडच्या वृत्तपत्रांना जाग आली.

आपल्या चळवळीचा ताल तोवर ढोलकीवरच चालला होता. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, १९४४च्या लाल बावटा कलापथकातले अण्णा भाऊ साठे, नंतर वामनदादा कर्डक आणि विठ्ठल उमप. माइक नसला तरी चाले, पण ढोलकीवाला लागे. जे वाद्य गावकीत लाजेचे होते तेच जलशात मानाचे झाले, कारण हुकूम बदलला होता. मग कॅसेट आली, आणि भीमगीते गल्लीगल्लीत पोचली. त्यांच्या वेष्टनांवर गायकाचे नाव ठळक, कवीचे बारीक आणि ढोलकी वाजवणाऱ्याचे बहुधा नाहीच, ही रीत आपणही प्रस्थापितांकडून जशीच्या तशी उचलली. आज १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भिंतीएवढे भोंगे असतात आणि हलगीचा ठोका मेमरी कार्डावरून निघतो. आवाजाच्या मर्यादेवरून आपल्यात जे वाद होतात त्यांत मी इथे पडत नाही. माझा प्रश्न एवढाच, की तो ठोका मुळात कोणाच्या हातचा आहे हे आपल्या मिरवणुकीतही कोणाला सांगता येत नाही.

शेवटी मी आणि त्या विद्यार्थ्याने ठरवले की आपला डफ आपणच नोंदवायचा. गावात आता एकच वाजवणारा उरला आहे, माझे चुलते. त्यांना आम्ही नाना म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे. दिवाळीच्या सुटीत त्यांना नवापूरला आणले. मुलाच्या खोलीत चहूबाजूंनी गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज भिंतींवर आपटून घुमणार नाही. नानांनी आधी जाळ मागितला. खोलीत जाळ कुठला? अंगणात पाचोळा पेटवला, डफ तापवला आणि आत पळालो. थंडीत कातडे पुन्हा उतरे, पुन्हा पळापळ. यंत्रातला डफ कधी उतरत नाही, आणि मला वाटते तो खोटा वाटण्याचे एक कारण हेही आहे.

काम सोपे नाही. टिपरूचा ठोका मध्यावर, काठावर, हाताने दाबून. छडीचा एकटा, छडी-टिपरू जोडीने. प्रत्येक ठोका हलका, मध्यम आणि जोरात, आणि प्रत्येक पाच-सहा वेळा. कारण एकच नोंद पुनःपुन्हा वाजली की ती बंदुकीसारखी वाजते. हात दोनदा सारखे मारत नाही. मग एकेक ठोका कापून कळांवर बसवायचा आणि जोराच्या आकड्याप्रमाणे कोणती नोंद उठायची ते ठरवायचे. १ ते ४० हलकी, तिथून ९० मध्यम, पुढे जोराची. आमचा अंदाज पहिल्यांदा चुकला. नानांचा 'हलका' आणि मुलाचा 'हलका' यांत फार अंतर होते.

मग नानांनी लग्नाचा ठेका सलग वाजवला आणि मुलाने तो पडद्यावरच्या जाळीवर मांडला. एकही ठोका रेघेवर नव्हता. चौथा तर प्रत्येक फेरीत रेघेच्या मागे. मुलाने सवयीने एक कळ दाबली. तिला ते लोक क्वांटाइज म्हणतात. सगळे ठोके उड्या मारून जवळच्या रेघेवर जाऊन बसले. वाजवून पाहिले. ठेका बरोबर होता आणि मेलेला होता. नाना म्हणाले, "हाऊ कोन्ता?" त्यांना तो स्वतःचा वाटेना. मुलगा मनापासून हसला आणि त्याने ते पुसून टाकले. नंतर त्याने ठोके होते तिथेच ठेवले आणि जाळीलाच त्यांच्याप्रमाणे वाकवले. प्रोग्रॅमात तशी सोय आहे. ती वापरायची गरज याआधी त्याला पडली नव्हती, कारण त्याला शिकवणारे सगळे व्हिडिओ रेघेवर बसवायलाच शिकवत होते.

वडिलांना मी फोनवर हे सांगितले. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "यंत्र वाजवतंय तर वाजवू दे. त्याला कोणी मांडवाबाहेर उभं करत नाही. नानाला कशाला पुन्हा त्या कामाला लावतोस?" मी उत्तर दिले नाही. माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. थोड्या वेळाने त्यांनीच पुन्हा फोन केला. फाइलवर नाव घालणार असशील तर पूर्ण घाल, बापाच्या नावासकट, एवढेच त्यांचे म्हणणे. तसे घातले आहे. बँडवाल्या मंडळींना ती फाइल देताना मुलगा अट घालतो की नाव बदलायचे नाही. पाळतील की नाही सांगता येत नाही. मिडीच्या हुकूमनाम्यात नाव लिहायला जागा असते, नाही असे नाही. भरायची सक्ती मात्र कोणावर नाही.

आम्ही ठेक्यांची यादी केली होती. लग्नाचा, वरातीचा, पोळ्याचा, जत्रेचा, मयतीचा. नानांनी सगळे वाजवले. मयतीचा वाजवताना डोळे मिटून घेतले. यादीत शेवटी मी आणखी एक लिहिला होता. पाटलाच्या वाड्यावरून वेठीची हाक आली की मांगवाड्याच्या तोंडाशी वाजवला जाई तो. आजोबांच्या तोंडून मी त्याच्याविषयी ऐकले होते, आणि इतिहासाचा शिक्षक म्हणून मला तो हवा होता. मुलाने नोंदीची कळ दाबली, लाल दिवा लागला. नानांनी टिपरू उचलले आणि मांडीवर ठेवले.

"ते ऱ्हाऊ दे, भो," ते म्हणाले.

मी एकदाच आग्रह केला. त्यांनी डफ उलटा करून भिंतीला टेकवला आणि चहा मागितला. मुलाने दिवा बंद केला. त्या ठेक्यासाठी आम्ही ६१ नंबरची कळ ठेवली होती. ती दाबली की काहीच वाजत नाही.